काचेतलं पाणी

लॉन्ड्रीच्या तळघरात एक माणूस एकतीस वर्षं एका काचेकडे बघत बसला होता. काच म्हणजे एक नळी, बोटभर जाडीची, वीतभर उंचीची, बॉयलरच्या तोंडावर उभी लावलेली. आत पाणी. पाणी मध्यावर असलं की सगळं ठीक. खाली उतरलं की पंप चालू करायचा, वर चढलं की बंद करायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, ह्यात काय मोठं, हे तर कोणीही करील. करील ना, अर्धा दिवस करील. एकतीस वर्षं करून दाखवा म्हणावं.

तोंडावर त्याला सगळे काका म्हणत, पाठीमागे बंबवाला. केस गेल्यापासून डोक्यावर कायम एक खाकी टोपी असायची. मालक तळघरात उतरले की तो ती काढून दोन्ही हातांनी छातीशी धरायचा, आणि मालकांची पाठ वळली की परत घालायचा. मालकांनी दहा वेळा सांगून पाहिलं असेल, अहो काका, राहू द्या. पण हात ऐकायचा नाही. त्याचे हात कुणाचंच ऐकायचे नाहीत. त्यांना जे एकदा शिकवलं ते त्यांनी कायमचं धरून ठेवलेलं.

शिकवणारा एक म्हातारा ऑपरेटर होता. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काच खोटं बोलू शकते. दर अर्ध्या तासाने तिची उलटतपासणी घ्यायची." काचेला दोन कॉक असतात, दांड्याने फिरवायच्या तोट्या. वरचा वाफेचा, खालचा पाण्याचा, आणि बुडाशी एक निचऱ्याचा नळ. खालचा कॉक बंद करून निचरा उघडला की नुसती वाफ सुटते, कोरडी, हिस्स करून. मग वरचा बंद करून खालचा उघडला की पाणी येतं, ओलं, भसाभसा. दोन्ही आवाज आले म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, आणि काचेत दिसतंय तेवढं पाणी बॉयलरातही आहे. मग सगळं जागच्या जागी उघडून ठेवायचं. ह्यात खालचा कॉक चुकून बंद राहिला, की बॉयलरचं पाणी काचेत येतच नाही. वरून आलेली वाफ निवून काचेत आपलंच पाणी साचत जातं. काच भरलेली दिसते आणि बॉयलर आतून आटत जातो.

दुसरा नियम त्याहून छोटा होता. पाण्याचा पत्ता नसेल तर पंपाला हात लावायचा नाही, आधी आग बंद करायची. लालबुंद तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की काय होतं, ते पाहिलेला माणूस सांगायला मागे राहत नाही.

हे सगळं त्याच्या लेकीला सात वर्षांची असल्यापासून पाठ होतं. इतर बाप पाढे विचारतात, हा जेवताना विचारायचा, "पाणी दिसत नाही. काय करशील?" ती घास तोंडात ठेवूनच म्हणायची, "आग आधी." मग तो म्हणायचा, "बरोबर. जेव आता." आई कपाळावर हात मारून घ्यायची. "पोरीला सासरी पाठवायचीय की तळघरात?" म्हणायची.

सासरी जाऊन ती परत आली ती गोष्ट वेगळी, आणि ती इथे नको. परत आली आणि त्याच लॉन्ड्रीत लागली, वरच्या मजल्यावर, इस्त्रीखान्यात. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे यायच्या, डोंगरासारख्या. साठ बायका, वाफेवर चालणारे वीस प्रेस, आणि सगळी वाफ खालून, बापाच्या हाताखालून आलेली. निचऱ्याचा पाइप अंगणात, बरोबर तिच्या खिडकीखाली निघायचा. दर अर्ध्या तासाने खालून आवाज यायचा. कोरडा, मग ओला. त्या आवाजावर इस्त्रीखान्याची पाळी बदलायची. प्रेसवरच्या बायका घड्या घालायला जायच्या, घड्या घालणाऱ्या प्रेसवर. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी बघायचं नाही. लेकीला तर तो आवाज कानाने कमी आणि पोटाने जास्त ऐकू यायचा. आवाज आला की बाप ठीक आहे.

गेल्या वर्षी आई गेली.

संध्याकाळी टीव्हीवर जुने सिनेमे बघायचे, हा त्या दोघा नवराबायकोचा एकच शौक होता. तो पलंगावर, ती शेजारच्या वेताच्या खुर्चीवर. ती सगळा सिनेमा बोलत बघायची. हा आता मरणार, ही त्याची बहीण निघणार, मी सांगते ना. तो चिडायचा आणि ऐकायचा. ती गेल्यावर त्याने टीव्ही लावलाच नाही. कामावरून यायचा, टोपी खुंटीला अडकवायचा आणि बंद टीव्हीसमोर बसून राहायचा. लेकीने एकदा टीव्ही लावून दिला, तर पाच मिनिटांत उठून बाहेर गेला. "सारखी ती खुर्ची दिसते," म्हणाला. खुर्ची माळ्यावर टाकू का, असं तिने विचारलं, तर दोन दिवस बोलला नाही.

अशा वेळी माणसाला कोणीतरी काहीतरी विकतंच. मोबाइलच्या दुकानात ती चार्जर घ्यायला गेली होती. दुकानदाराने काउंटरवर एक काळा चष्मा ठेवला. जाडजूड, मागे पट्टा, कानापाशी छोटे स्पीकर.

"डोक्यावरचा टीव्ही, ताई. घालून तर बघा. घेऊ नका, नुसता बघा."

तिने घातला आणि समोर भिंतीएवढा पडदा उभा राहिला. समुद्र होता, जहाज होतं. तिने मान वळवली तर पडदाही वळला. दुकान नव्हतं, काउंटर नव्हतं, काउंटरवर ठेवलेली तिची पर्स नव्हती. खाली बघितलं तर नाकापाशी एक फट होती, त्यातून स्वतःची चप्पल तेवढी दिसली. मग खांद्याला काहीतरी लागलं आणि ती किंचाळली. दुकानदार होता. तीन वेळा हाक मारली म्हणाला, ऐकू आली नाही का?

ती हसली खरी. पण घरी जाईपर्यंत तिची छाती धडधडत होती. आता तो शहाणपणाचा इशारा होता असं मी म्हणतो, कारण पुढचं मला ठाऊक आहे. तिला तेव्हा एवढंच सुचलं की ह्यात खुर्ची दिसणार नाही.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीखान्यात सभाच भरली. घ्यावा की न घ्यावा?

"माझ्या भाच्याने आणला होता," एक म्हणाली. "आठ दिवस घरादाराला घालून दाखवला. मग डोकं दुखायला लागलं. आता कपाटात पडलाय."

"बॅटरी किती चालते?"

"अडीच तास म्हणतो दुकानवाला. म्हणजे दीड धर."

"आणि काकांच्या चष्म्यावर बसेल का तो?"

सगळ्यात म्हातारी होती ती घडीवाली. चाळीस वर्षं चादरींच्या घड्या घालून तिची बोटं वाकली होती, जीभ मात्र सरळ होती. ती म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड. आणि दोन महिन्यांचा पगार घालून घ्यायचं काय, तर घोड्याची झापडं! अगं, सिनेमा चौघांत बघायचा असतो. शेजारचा रडला की आपल्याला रडू येतं. एकट्याने डोक्यात कोंडून घेऊन कसला आलाय सिनेमा?"

"त्यांना एकट्यानेच बघायचाय," लेक म्हणाली.

घडीवालीने पुढची चादर ओढून घेतली.

तर झापडं घरात आली. आणि खोटं कशाला सांगू, पहिला महिना सोन्यासारखा गेला. बापाने कुरकुर केली, एवढे पैसे घालवलेस म्हणाला, आणि घातला. बघता बघता मोठ्याने हसला. वर्षाने हसला. स्वयंपाकघरात लेकीच्या हातातली पळी तशीच राहिली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पलंगावर बसलेला, तोंडावर ते काळं खोकं, आणि रिकाम्या भिंतीकडे बघून म्हणतोय, "हा मरणार आता. बघ तू." कोणाला म्हणतोय ते तिने विचारलं नाही.

ती ताट घेऊन यायची तेव्हा हाक मारायची. मग हात लावायची. हात लावला की तो दचकायचा आणि असा बघायचा, जसं कोणी त्याला परक्या घरात आणून सोडलंय. त्या बघण्याची तिला थोडी भीती वाटायची. पण माणूस हसतोय ना, जेवतोय ना, मग कशाला उगाच.

मग त्याची कामावरची पिशवी जड झाली.

हे तिला पिशवीवरून नाही, प्रेसवर उभं असताना कळलं. घामाने निथळत होत्या सगळ्या, आणि पाळी बदलेना. घडीवालीने मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा बघितलं असेल.

"तुझ्या बापाचं घड्याळ मागे पडलंय," ती म्हणाली.

दहा मिनिटांनी आवाज आला. कोरडा, मग ओला. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं उशीर. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारची एक फेरी आलीच नाही. बायकांनी कुरकुर करत घड्याळ लावून पाळ्या बदलल्या. मुकादमबाईंनी विचारलं, काकांची तब्येत बरी आहे ना? लेक म्हणाली, बरी आहे. आणि जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तळघरात उतरली.

तो स्टुलावर बसला होता. टोपी खिशात, तोंडावर झापडं. काच बघायची झाली की मान मागे टाकायचा आणि नाकाखालच्या फटीतून एक डोळा किलकिला करून बघायचा. दोन सेकंद. परत मान सरळ. त्याच्या पाठीमागे बर्नर घुमत होता, आणि बॉयलरच्या पोटात जे काही होतं ते होतं.

तिने झापडं ओढून काढली.

"बाबा, इथे?"

"अगं, जेवताना पाचच मिनिटं."

"जेवायला तर मी आत्ता आलेय."

तो ओशाळला. मग ओशाळलेला माणूस चिडतो तसा चिडला. "एकतीस वर्षं हीच काच बघतोय. डोळे मिटून सांगेन पाणी कुठे आहे ते. मला शिकवू नकोस."

"ऑपरेटर म्हाताऱ्याने तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"तो मेला," बाप म्हणाला. "तुझी आई मेली. इथे आठ तास कोण असतं माझ्याशी बोलायला? ही काच?"

लेकीने डबा उघडून त्याच्यासमोर ठेवला. मुकादमबाईंना सांगावं, असं मनात आलं. पण सांगायचं म्हणजे दोन वर्षांवर आलेली निवृत्ती, ऑपरेटरचं सर्टिफिकेट आणि एकतीस वर्षांची इज्जत एका वाक्यात घालवायची. आणि ते खोकं आणलं कोणी? तिनेच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिने स्वतःला समजावलं. त्याच्याकडून वचन घेतलं आणि वर गेली. मुठीत काय झाकलंय हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. तळघराच्या वर साठ बायका उभ्या होत्या, त्यांत एक ती.

वचन नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी दवाखान्याच्या चादरींची घाई होती. वीसच्या वीस प्रेस चालू होते, वाफ सपाट्याने खर्च होत होती. अकरा वाजता खालून कोरडा आवाज आला. हिस्स. बायकांनी पाळ्या बदलल्या.

लेक जागची हलली नाही. ओला आवाज आला नव्हता.

प्रेसच्या गोंगाटात ऐकू आला नसेल, असं तिने मनाशी म्हटलं. शेजारणीला विचारलं, "आला का गं दुसरा?" शेजारीण म्हणाली, "कुठला दुसरा?" कोणाच्या लक्षातच नव्हतं की आवाज दोन असतात. साडेअकराला काहीच आलं नाही. प्रेसमधली वाफ मात्र सुटत होती, नेहमीसारखी, आणि तिचा वास जरा वेगळा, कोरडा, तापलेल्या तव्यासारखा लागत होता. निदान तिला तसं वाटलं. तिने चादर अर्ध्यावर टाकली. मुकादमबाई ओरडल्या, "अगं, कुठे निघालीस?" ती जिन्याने धावली.

तो तसाच बसला होता, मान सरळ, ओठांवर हसू. तिने झापडं हिसकली.

"काच बघा."

"बघितली. आत्ता बघितली. पाऊण भरलीय." आणि खरंच होती. स्वच्छ, पाऊण, जराही न हलणारी. चालत्या बॉयलरचं पाणी काचेत सतत थोडं थरथरत असतं. हे पाणी पेल्यातल्या पाण्यासारखं उभं होतं.

"खालचा कॉक," ती म्हणाली.

त्याने खाली बघितलं. कॉकचा दांडा आडवा होता. बंद. अकरा वाजता सिनेमा न थांबवता त्याने चाचपडत तपासणी घेतली होती. पहिला आवाज काढला, निचरा बंद केला, आणि पुढचं राहिलं. हाताला वाटलं, झालं. एकतीस वर्षं झालं होतं, आजही झालं असेल.

त्याने दांडा उभा केला. काचेतलं पाणी एका क्षणात खाली घसरलं आणि नाहीसं झालं. काच कोरडी. त्याने निचरा उघडला. दोन्ही वाटांतून एकच आवाज आला, वाफेचा.

आता पुढचं नीट ऐका. तो वाईट ऑपरेटर नव्हता. पण घाबरलेला हात सगळ्यात जुन्या सवयीकडे धावतो. पाणी कमी दिसलं की पंप, हे त्या हाताने लाख वेळा केलं होतं. तो हात पंपाच्या बटणाकडे गेला. बोट बटणावर टेकलं.

लेकीने मनगट धरलं. "आग आधी!"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग वळून त्याने बर्नर बंद केला. घुमणं थांबलं. एकतीस वर्षांत कामाच्या वेळी त्या तळघरात एवढी शांतता कधी झाली नव्हती. त्या शांततेत बॉयलरचं लोखंड टक्, टक् वाजायला लागलं.

सगळ्यांना अंगणात काढलं. तीन तास बॉयलर निवत होता. साठ बायका भिंतीपलीकडे उभ्या, कोणी मोठ्याने बोलेना. काही झालं नाही. भट्टीच्या छताला एक शिशाचं बूच असतं, पाणी गेलं की वितळायचं म्हणून ठेवलेलं. ते दुसऱ्या दिवशी काढलं तेव्हा एका बाजूने ओघळलेलं निघालं. तपासायला आलेल्या साहेबांनी ते तळहातावर घेऊन बराच वेळ बघितलं. "अजून दहा मिनिटं," एवढंच ते म्हणाले.

त्यांनी बापाला विचारलं, कॉक बंद कसा राहिला? बापाने तोंड उघडलं. त्याच्या आधी लेक म्हणाली, "तो कॉक हल्ली अडकतो साहेब. जुना झालाय." साहेबांनी कॉक फिरवून बघितला, जुना होताच, आणि तसं लिहून घेतलं. झापडं तेव्हा मळक्या चादरींच्या गाठोड्यात होती. तिनेच कोंबली होती.

नवा कॉक बसला. मालकांनी सगळ्यांसमोर बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "काकांनी वेळेवर आग बंद केली म्हणून आज आपण इथे आहोत," म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाप टोपी छातीशी धरून जमिनीकडे बघत होता. लेकीनेही टाळ्या वाजवल्या, काय करणार? घडीवाली तेवढी हात न हलवता उभी होती. नंतर पाण्याच्या माठापाशी ती लेकीला हळूच म्हणाली, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही बाई, काळ सोकावतो." तिला काय आणि किती माहीत होतं, ते लेकीने विचारलं नाही.

घरी बाप म्हणाला, "टाकून दे ते."

हो म्हणाली आणि टाकलं नाही. डब्यात घालून आईच्या कपाटावर, ट्रंकेमागे ठेवलं. वस्तू महाग असली की ती घेणंच चुकलं हे कबूल करायला माणसाला वेळ लागतो. विकून टाकू, कोणाला तरी देऊ, घरीच कधीतरी रविवारी बघतील. असं करत महिना गेला, मग दीड महिना. खालून आवाज येत होते, घड्याळाच्या काट्यावर. कोरडा, ओला. बायका परत घड्याळाकडे बघायचं विसरल्या. बाप मात्र संध्याकाळी परत बंद टीव्हीसमोर बसायला लागला होता. तो हसल्याचं तिला आठवेना.

एका सकाळी ती कपाटावरची धूळ पुसायला स्टुलावर चढली. सगळीकडे बोटभर धूळ, आणि ट्रंकेमागे एक चौकोन स्वच्छ. डबा त्याच्या शेजारी सरकलेला होता. उचलला तर हलका लागला.

बाप बॉयलर पेटवून वाफ धरायला तासभर आधीच कामावर गेलेला होता.

ती पळतच लॉन्ड्रीत आली. तळघराच्या दारापाशी थांबली. आत जावं, ओढून काढावं, परत वचन घ्यावं? ते एकदा करून झालं होतं. ती वर गेली आणि प्रेसवर उभी राहिली. दहा वाजता खालून आवाज आला. कोरडा, ओला. तिने श्वास सोडला. साडेदहा वाजले, काही नाही. दहा चाळीस. तिचे हात चादरीवर होते आणि चादर करपत होती.

हिस्स.

ती मोजायला लागली. पाच. दहा. दुसरा आवाज पाच मोजायच्या आत यायला हवा. वीस. भोवती बायका पाळ्या बदलत होत्या, हसत होत्या, कोणाच्या तरी जावेची गोष्ट चालली होती. तीस. तिने घडीवालीकडे बघितलं. घडीवाली घडी अर्धवट धरून तिच्याकडेच बघत होती.

भिंतीवर धोक्याची लाल घंटा होती. लेकीने तिची काच फोडली.

सगळ्या अंगणात धावल्या. मालक ऑफिसातून आले, मुकादमबाई डोकी मोजू लागल्या. आणि सगळ्यांसमोर त्या पाइपमधून पाणी आलं, भसाभसा, ओलं, भरपूर. मग परत कोरडा. मग परत ओला. एकदम नियमाप्रमाणे. त्यामागोमाग बर्नरचं घुमणं थांबलं.

"आला की गं," कोणीतरी म्हणालं.

बॉयलर भरलेला होता. काही झालं नव्हतं.

घंटा वाजली की ऑपरेटरने सगळ्यात शेवटी बाहेर यायचं असतं, काच तपासून, आग बंद करून. तो सगळ्यात शेवटी बाहेर आला. उन्हात डोळे बारीक करून मालकांसमोर उभा राहिला.

"काच बरोबर आहे मालक. दोनदा तपासली. आग बंद केलीय. घंटा कशाची?"

आणि टोपी काढायला त्याचा हात डोक्याकडे गेला.

टोपी खिशात होती. कपाळावर सरकवलेली झापडं हाताला लागली. हात थांबायला हवा होता, पण तो हात कधी कुणाचं ऐकत नसे. त्याने ती काढली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली, मालकांसमोर, साठ बायकांसमोर. तेव्हा कुठे त्याने खाली बघितलं. आत सिनेमा चालूच होता. बारीक आवाजात कोणीतरी गात होतं, आणि अंगणात एवढी शांतता होती की ते सगळ्यांना ऐकू आलं. मालकांनी एकदा पाइपकडे बघितलं, एकदा त्या काळ्या खोक्याकडे. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"घंटा मी वाजवली, बाबा," लेक म्हणाली. तिला रडू आवरेना. "दुसरा आवाज आला नाही. मी तीस मोजले."

तो तिच्याकडे बघत राहिला. तळघरात मनगट धरलं तेव्हा बघितलं होतं तसाच.

"बरोबर," तो म्हणाला.

त्यापुढे तो एक वाक्य म्हणत असे, ते तिला लहानपणापासून पाठ होतं. ती वाट बघत उभी राहिली. त्याने खिशातून तळघराची किल्ली काढली, मालकांच्या हातात दिली, आणि फाटकाकडे चालायला लागला.